चिखलदऱ्याच्या बंगल्यात फळ्यांखालून आलेला आवाज

आत्ताच परतलोय, लगेच लिहितो.

जुन्या इमारतींची पाहणी करणं हे माझं काम. आज दुपारी चिखलदऱ्यातल्या उतारावरच्या इंग्रजांच्या काळातल्या बंगल्यात होतो. पुढून जमिनीला टेकलेला, मागून दगडी खांबांवर उभा. खाली घोडे बांधायची जागा.

जमिनीच्या सागवानी फळ्यांना वाळवी लागली का, ते मी गुडघ्यांवर बसून हातोडीनं ठोकून बघत होतो. तेवढ्यात खालून जोरात श्वास सोडल्याचा आवाज आला. गुडघ्याखालची फळी हलली.

बंगल्याचा चौकीदार दारातूनच हळू बोलला, "ठोकू नका साहेब. खाली अस्वल हाये, पिल्लं घेऊन. मले वाटलं तुमी फोटोच काढून राहिले. बूट हातात घ्या अन् या."

दारापर्यंत प्रत्येक फळी करकरली.

अहवालात 'इमारत रिकामी' असं मी सकाळीच टपरीवर चहा पिताना लिहून सही केली होती. त्या भरवशावर सोमवारी मजूर फळ्या उखडायला जाणार होते.

न बघता केलेली अशी सही तुमचीही कुठे असेल का?