मानेंची पलटण

बातमी आली तेव्हा मी सीवूड्सला भाजीवालीसमोर उभी होते. आमच्या फिगर, म्हणजे खेळण्यातले छोटे सैनिक, जमवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विलास मानेंचा फोटो टाकला होता. मला वाटलं, यांना पुन्हा काहीतरी दुर्मीळ सापडलं, आणि चिडून मी फोन पर्समध्ये टाकला. कारण आमचं भांडण चालू होतं. फोटोखालचा मजकूर वाचला तो मेथी निवडून, पिशवीत भरून झाल्यावर... सकाळी बाजारात, कामाच्या जागीच हृदयविकाराच्या झटक्याने गेले. त्याआधी दोन दिवस, एकाच दुपारी, त्यांचे तीन फोन येऊन गेले होते. मी एकही उचलला नव्हता. याला आता सहा आठवडे झाले. अजून माझं कशात मन लागत नाही. हे लिहायला बसले तरी दर चार ओळींनी उठते, खिडकीपर्यंत जाते, परत येते.

माने फळबाजारात एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर कारकून होते आणि मी निवृत्त नर्स. आम्हाला जोडणारी गोष्ट एकच, अंतराळातल्या युद्धांचे बोटभर उंचीचे प्लास्टिकचे सैनिक. काचेच्या पेटीत मिरवणारे महागडे परदेशी नव्हेत, तर दुकानात पुठ्ठ्यावर चिकटवून टांगलेले, स्वस्तातले. शिरस्त्राणाने झाकलेला चेहरा, हातात चमत्कारिक बंदूक, गुडघे वाकले तर वाकले. पहिला मी भाच्यासाठी घेतला होता, तो दिलाच नाही. पुढे सानपाड्याच्या एका दुकानात शेवटच्या उरलेल्या पाकिटावर मी हात ठेवला आणि त्याच वेळी एका उंच, टक्कल पडलेल्या गृहस्थांनीही ठेवला.

"नातवासाठी का, मॅडम?" त्यांनी विचारलं.

"नाही. माझ्यासाठी."

त्यांनी पाकीट आपल्याकडे ओढलं. मग म्हणाले, "मग सोडा की. मलाबी माझ्यासाठीच पायजे."

आणि घेऊन गेले! जाताना फोन नंबर तेवढा दिला.

त्यानंतरची सात-आठ वर्षं आमचे रविवार ठरलेले होते. वाशी, बेलापूर, कधी पार पनवेल, जिथे म्हणून खेळण्यांचं दुकान असेल तिथे आम्ही दोघं पन्नाशी ओलांडलेली माणसं खालच्या कप्प्यांत डोकी घालायचो. माझ्या घरचे हसायचे. त्यांच्या घरी मात्र मी कुणाला ठाऊकच नव्हते. एकदा मी विचारलं, "वहिनींना सांगितलंत का हो माझ्याबद्दल?" तर म्हणाले, "काय सांगू? एका बाईसंगं खेळणी बघत फिरतो म्हणून?" मी हसले, पण ते मला कुठेतरी टोचत राहिलं. काही चुकीचं नव्हतंच, मग लपवायचं कशाला?

त्यांची एक अट होती. सेनापती घ्यायचा नाही, चेहरा दिसणारा नायक घ्यायचा नाही. "त्येला कुणीबी घेतंय," ते म्हणत. त्यांना हवे असत ते मागच्या रांगेतले, एकसारखे दिसणारे शिपाई. याचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं, चहा पिता पिता, माझ्याकडे न बघता. त्यांचे वडील साताऱ्याकडून आलेले, बाजारात पाठीवर ओझी वाहणारे. त्यांना आयुष्यभर 'ए माथाडी' अशीच हाक. त्यांच्या टोळीतल्या माणसांची नावं गाळ्यावर कुणालाच माहीत नव्हती. म्हणून माने आपल्या प्रत्येक शिपायाला त्या टोळीतलं एकेक नाव देत होते. ग्यानबा, तुकाराम, शिवराम, हणमंत. ती नावं ते कुठे लिहीत नसत, तोंडपाठ ठेवत. मला त्यातली काही कळली, तीही फोटो दाखवताना ओघात आली म्हणून.

आणि आमचं भांडण कशावरून, तर एका वैद्यकीय सैनिकावरून. दंडावर पांढरी पट्टी, पाठीवर औषधांची पेटी. तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला तो हवासा वाटणारच. मी दोन वर्षं शोधत होते, मानेंना हे पक्कं ठाऊक होतं. आणि एके दिवशी तो त्यांच्या कपाटाच्या फोटोत मागे उभा दिसला. महिनाभर त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. मी फोनवर म्हणाले, "माने, तुम्ही असे निघाल असं वाटलं नव्हतं." ते म्हणाले, "दिसला, घेतला." मी फोन ठेवला. तो ठेवलाच.

चौथ्या आठवड्यात त्यांच्या पत्नीचा, शोभावहिनींचा फोन आला. मानेंच्या मोबाइलमध्ये माझा नंबर 'फिगरवाल्या ताई' या नावाने होता. मी सानपाड्याला त्यांच्या घरी गेले. दार उघडून त्यांनी मला नीट न्याहाळलं. "म्हंजे रविवारी बाजारात काम असायचं ते तुमीच," त्या म्हणाल्या. मी मान डोलावली. "हो," म्हणाले. त्यांनी पाणी दिलं, पण बसा म्हणाल्या नाहीत. कपाट दाखवलं. साठेक शिपाई. खाली पुठ्ठ्याचं खोकं उघडून ठेवलेलं.

"सोसायटीतल्या पोरांना देऊन टाकते. तुमाला त्यातलं काय पायजे असंल तर बघा."

तो वैद्यकीय सैनिक समोरच होता. मी न राहवून भांडणाची गोष्ट सांगितली, तीन फोनांचीही, आणि विचारलं, "मला द्यायचा होता का हो त्यांना? म्हणून फोन केले असतील?"

वहिनी पहिल्यांदाच हसल्या. "छ्या. ते कशाला देतायत? सख्ख्या भावाला कधी छत्री दिली नाही." मग डोळे पुसत म्हणाल्या, "फोन कशाला केले, ते मलाबी कसं कळणार, ताई?"

मी तो घेतला नाही. पण तिसऱ्या फळीवरच्या, कमरेत सैल झालेल्या, जरा पुढे झुकलेल्या शिपायाकडे बोट केलं आणि म्हटलं, "एवढा मात्र कुणाला देऊ नका. हे मारुती माने."

वहिनी कपाटाजवळ आल्या. सासऱ्यांची शेवटची दोन वर्षं त्यांनीच काढली होती, अंथरुणातली. "मामंजी?" त्या म्हणाल्या. हळूच त्याला उचललं, पदराने पुसलं. मग खोकं पायाने बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "बसा. बाकीचे कोन?"

मला अकरा आठवले. खूप आठवून पाहिलं, अकराच. बाकीच्यांची नावं मानेंबरोबर गेली, आणि हेच मला स्वस्थ बसू देत नाही. बसमध्ये, देवापुढे, कुकरची शिट्टी मोजताना मी नावं पुटपुटत असते. तीन रविवार झाले, मी सानपाड्याला जाते. वहिनींनी गावाकडे दिरांना फोन लावून आणखी चार मिळवली. जे उरले त्यांना त्या स्वतःच नावं देत सुटल्यात, माहेरची, शेजारची.

परवा त्यांनी एक शिपाई रांगेतून काढून वेगळा, खिडकीशी ठेवलेला दिसला. एक पाय पुढे टाकलेला, निघायच्या घाईत असल्यासारखा. मी विचारलं, "आणि याचं नाव काय ठेवलंत?"

वहिनींनी मान खाली घातली. आयुष्यात कधी घेतलं नव्हतं, ते आत्ताही त्यांच्या तोंडून निघेना.

"हे," त्या म्हणाल्या.