तेहतीस मणक्यांचे सासरे

आमच्या सासऱ्यांइतका पाठीच्या कण्यावर जीव टाकणारा माणूस अख्ख्या सोलापुरात झाला नसेल. बँकेतून निवृत्त झाल्यावर गॅसची टाकी उचलताना त्यांच्या कमरेत सणक भरली. डॉक्टरांनी समजावून सांगायला प्लॅस्टिकचा कणा हातात दिला आणि सासरे दुखणं विसरून त्याच्या प्रेमातच पडले. तसाच एक त्यांनी मागवला. तो खांद्यावर घेऊन ते माझ्या स्कूटरवर मागे बसले, तेव्हा सात रस्ता चौकापासून जुळे सोलापूरपर्यंत रिक्षावाले आम्हाला बिनबोभाट वाट देत होते. पुढे घरी येणाऱ्याला चहाच्या आधी कणा मिळू लागला. "मानेत सात, पाठीत बारा, कमरेत पाच. खाली माकडहाडापर्यंत नऊ, पण ते एकमेकांना जुळलेले. वरच्या मणक्यांच्या मधे गाद्या, आणि आतून जातो तो मज्जारज्जू. त्याला जपायचं!" लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी गृहस्थांनाही ते हे ऐकवत, आणि ते बिचारे जिलेबी हातात धरून ताठ बसत. सासूबाई मात्र वैतागायच्या. "आवं, त्यो सांगाडा उचला की टेबलावरनं! जावयाचं ताट कुटं मांडू?"

एका सकाळी सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पाठीवर आपटल्या. मी आणि बायको उचलायला धावलो, तोच सासरे ओरडले, "हात लावू नका!" त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मग ते हळूच म्हणाले, "पायाची बोटं हलव बघू."

"हलत्यात की. पर लई गार लागतंय. उठवा मला."

"न्हाई उठवायचं. मीच येतो तिथं."

आणि ते त्या ओल्या फरशीवर आडवे झाले. सासूबाईंची मान वळू नये म्हणून दोन्ही तळव्यांत त्यांचं डोकं धरून, रुग्णवाहिका येईपर्यंत ते त्यांच्याशी काहीबाही बोलत राहिले. दवाखान्यात कळलं, कमरेचा मणका मोडला होता, पण मज्जारज्जू वाचला. "उचललं नाहीत, फार बरं केलंत," डॉक्टर म्हणाले. आता जन्मभराचं व्याख्यान ऐकावं लागणार, म्हणून मी तयारीत होतो. सासरे मात्र ओल्या कपड्यांतच सासूबाईंच्या स्ट्रेचरमागे चालू लागले. त्यानंतर कण्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत.

पट्टा बांधून सासूबाई पुन्हा चालायला लागल्या. संध्याकाळी कॉलनीच्या बागेत त्या पुढे आणि सासरे अर्धं पाऊल मागे, तळहात त्यांच्या पाठीला न टेकवता, नुसता जवळ धरलेला.

सासरे गेले. हल्ली सोलापूरला गेलो की मीच सासूबाईंना बागेत नेतो. चालताना जरा मागे राहिलो, की त्या थांबतात.

"तुमी म्होरं चला, जावईबापू. मागं त्येंची जागा हाय."