पुसट चेहऱ्यांचे गेटपास

डिजिटल आलं आणि झटपट फोटोची फिल्म मेली, असं लोक सांगतात. मीही वर्षानुवर्षं हेच सांगत आलो. पण मरणाऱ्या मालातून शेवटचा थेंब पिळून घेणारे लोक होते, आणि त्यांच्यात मी होतो. आता कोणापासून लपवून राहिलो?

भिलाई-रायपूरचं राज्य वेगळं झाल्यावरची पहिली काही वर्षं. मी त्या फिल्म कंपनीचा भिलाईतला सेल्समन. पोलाद कारखान्याला मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या कचेरीबाहेर एक फोटोग्राफर बसायचे, आमच्यासारखेच विदर्भातून आलेले, माझ्याहून वयानं मोठे. जवळच्या जामुलकडून आलेल्या ठेका मजुराला स्टुलावर बसवायचं, चार भिंगांच्या कॅमेऱ्यानं एकदम चार फोटो काढायचे, मिनिटभर थांबून वरचा कागद सोलायचा. थंडीत सोलण्याआधी ते तो कागद काखेत दाबून उभे राहत. ऊब मिळाल्याशिवाय चेहरा नीट उमटत नाही. मजूर हसायचे. फोटो लागला की गेटपास, आणि त्याच पाळीला काम.

एक दिवस कंपनीनं आम्हा सेल्समनना रायपूरच्या हॉटेलात बोलावलं. पोटभर जेवू घातलं आणि सांगितलं: फिल्म बंद होणार आहे, गोदाम रिकामं करा, बाहेर बोलू नका. अर्ध्या मालाची मुदत संपलेली. जुन्या तारखेवर डकवायच्या नव्या चिठ्ठ्याही त्यांनीच हातात दिल्या. त्या मी घरी जेवणाच्या टेबलावर डकवल्या. बायकोनं विचारलं तर म्हणालो, ऑफिसचं काम आहे. ते तर खरंच होतं.

सगळ्यात जास्त खोकी मी त्या फोटोग्राफरांना दिली. ते माझ्या मालाची तारीख कधी बघत नसत, म्हणून.

दोन महिन्यांत गेटपासवरचे चेहरे पिवळे पडले, मग पुसट झाले. गेटवरून मजूर परत यायला लागले. ठेकेदाराच्या बाबूनं आम्हा दोघांनाही बोलावून घेतलं.

"भाऊ, तुमीच सांगा यायले," फोटोग्राफर बाबूकडे हात करून मला म्हणाले. "माह्या हातचा फोटो कधी उडाला का?"

मी बाबूकडे बघून सांगितलं की माल ताजा आहे, हे खोकी उन्हात ठेवतात, कागद घाईनं सोलतात. माझ्या शर्टावर कंपनीचा बिल्ला होता. बाबूनं माझंच ऐकलं. त्यांची जागा गेली. तिथं कॉम्प्युटरवाला बसला.

आठवड्यानं ते रुआबांध्याला माझ्या घरी आले. मला वाटलं, शिव्या देतील. खरं तर द्यायलाच हव्या होत्या.

"राहिली असंन पेटी उन्हात," ते म्हणाले. "माह्यापायी तुमच्या कंपनीचं नाव खराब झालं, भाऊ."

"पुढच्या वेळी सांभाळा," मी म्हणालो.

पुढची फिल्म येणारच नव्हती. ते मान हलवून, चप्पल घालून निघून गेले.