तोमासाची जीभ कुठं नांदेल?

लोकांना वाटायचं, दोन्या तोमासा, म्हणजे आपल्या भाषेत तोमासाबाई, सुईवर जगते. साफ खोटं. ती जिभेवर जगायची. सुई नुसती साथीला. मेक्सिकन पोरींना पंधराव्या वाढदिवसाला जो घेरदार झगा लागतो, तो ह्यूस्टनच्या पूर्व भागातल्या निम्म्या पोरींच्या अंगावर तिनंच चढवला होता. पण पोरींच्या आया तिच्याकडे यायच्या त्या शिवणासाठी कमी आणि ऐकायला जास्त. तोंडात टाचण्या धरून ती बोलायची आणि एकही टाचणी कधी खाली पडायची नाही. "हिची कंबर कुठाय गं? घरी विसरलीस होय?" असं ती आईला विचारायची. आई हसून वाकडी व्हायची, पोरगी रडायची, आणि पुढच्या आठवड्यात दोघी मिळून मावसबहिणीला घेऊन यायच्या.

इंग्रजी तिला येत नव्हतं. "ही एक जीभ मला आवरत नाही, दुसरी कुठं पोसू?" हे तिचं ठरलेलं वाक्य. आणि अडलं कुठं होतं? ज्या भाड्याच्या इमारतीत ती आणि तिचा नवरा नाबोर म्हातारे झाले, तिथं तळापासून गच्चीपर्यंत सगळी स्पॅनिश बोलणारी माणसं. सकाळी जिन्यात उभं राहिलं की पडदा वर. कुणाचा जावई पळाला, कुणाची सासू परत आली, सगळ्यावर तोमासाचं भाष्य, आणि प्रत्येक मजल्यावरून दाद.

मग मालकानं इमारत विकली आणि पडदा पडला.

नाबोरनं आयुष्यभर परक्या घरांवर छपरं घातली होती. स्वतःच्या डोक्यावरचं छप्पर मात्र कायम भाड्याचं. पैसा साठला होता, कारण खर्च करायचा म्हटलं की त्याच्या पोटात कळ यायची. मुलगी यादिरा दातांच्या दवाखान्यात नोकरीला; इमारत सुटल्यावर दोघं तात्पुरते तिच्याच घरी राहत होते. कर्जाची व्यवस्था तिनं केली आणि म्हणून मतही तिचंच चालणार असं तिला वाटलं.

"आई, या वयात शांत वस्ती हवी."

"शांतता मला मेल्यावर फुकट मिळणार आहे. तिच्यासाठी कर्ज कशाला काढू?"

घरं दाखवायला एवारिस्तो नावाचा दलाल आला. माणूस क्यूबाचा; आधी अत्तर यायचं, मागून तो. त्याला सगळंच स्वप्नवत दिसायचं. "स्वयंपाकघर पाहा, दोन्या, स्वप्न! न्हाणीघर पाहा, स्वप्न!"

"हा उठतो कधी?" तोमासानं नवऱ्याला विचारलं, एवारिस्तोला ऐकू जाईल एवढ्या बेतानं.

शेवटी तीन वस्त्यांतली तीन घरं उरली. यादिराला पहिलं हवं होतं, एवारिस्तोला दुसरं खपवायचं होतं, आणि तिसरं कुणालाच नको होतं. तोमासानं भिंती ठोकून पाहिल्या नाहीत, नळ सोडून पाहिले नाहीत. ती म्हणाली, "घर काय, नाबोर दुरुस्त करील. शेजार कोण दुरुस्त करणार? मी माझ्या पद्धतीनं बघते."

जानेवारीची सहा तारीख होती, तीन राजांचा सण. त्या दिवशी रोस्का खातात: मोठ्या कड्यासारखा गोड पाव, वर रंगीत फळांच्या पट्ट्या, आणि आत लपवलेल्या बोटाएवढ्या बाहुल्या. बाहुली म्हणजे बाळ येशू. ती ज्याच्या तुकड्यात निघेल त्यानं दोन फेब्रुवारीला, कांदेलारियाच्या दिवशी, सगळ्यांना तमालेस घालायचे. तमालेस म्हणजे मक्याचं पीठ मळा, डुकराचं मटण शिजवा, मक्याच्या पानांत एकेक गुंडाळा, हंडे भरून वाफवा. दोन दिवसांची हमाली. त्यामुळे बाहुली निघाली की माणसाचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

तोमासानं तीन रोस्का गाडीत घातले. प्रत्येकात चार बाहुल्या.

पहिल्या वस्तीत गवत इतकं एकसारखं कापलेलं होतं की नाबोरनं टोपी काढली. त्याला वाटलं कब्रस्तान आहे. रस्त्यावर चिटपाखरू नाही. तोमासा भर रस्त्यात उभी राहून मोठ्यानं शिंकली. कुणी डोकावलं नाही, एक कुत्रंही भुंकलं नाही. शेवटी शेजारच्या दाराची घंटा वाजवली, तेव्हा एका सोनेरी केसांच्या बाईनं दार बोटभर उघडलं, गोड हसून पाव घेतला, गोड हसून दार लावलं. संध्याकाळी एवारिस्तोला तिचा फोन: पावात प्लास्टिक सापडलं, कुणाच्या घशात अडकलं असतं तर?

दुसरी वस्ती एकेकाळची आपलीच. भिंतींवर अजून येशूच्या आईची चित्रं, दुकानांवर अजून स्पॅनिश पाट्या. पण आत जाऊन स्पॅनिश बोललं की विक्रेता घाबरायचा. 'आजीचं स्वयंपाकघर' नावाच्या कॉफीच्या दुकानात तोमासानं आजी कुठाय म्हणून विचारलं. आजी नव्हती, कधीच नव्हती. दाढीवाल्या तरुणानं रोस्काचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि बाहुली कॉफीच्या यंत्रावर शोभेला ठेवली. तमालेसचं नाव नाही. "देवाला यंत्रावर बसवलं," तोमासा म्हणाली, "आणि मला उभंच ठेवलं."

तिसरं घर रेल्वेच्या रुळांना लागून होतं. रंग गुलाबी, तोही उडालेला. ओटा एका बाजूला कललेला. मालगाडी आली की फाटकावर हवा तितका वेळ ठाण मांडायची आणि गल्लीतून बाहेर पडायची सोय उरायची नाही. नाबोरनं गाडी थांबवायच्या आतच लोक ओट्यांवर आले.

"कोण पाहिजे?"

"घर बघायला आलात? छप्पर गळतं त्याचं!"

"गळत नाही, घाम येतो त्याला."

"तू गप ग ओफेलिया, तुझं तर आणखी गळतं!"

तोमासा झटकन गाडीतून उतरली. जिना पुन्हा उभा राहिल्यासारखा वाटला तिला. तिनं ओट्यावरच रोस्का कापला. क्रिस्पिना म्हातारी, दाताविना, तरी मोठा तुकडा घेतला. फिलेमोन ट्रक दुरुस्त करणारा. त्यानं ग्रीस लागलेल्या हातानं घेतला. ओफेलिया होंडुरासची विधवा. तिनं दोनदा घेतला. नाबोर फिलेमोनजवळ पायरीवर बसून छपरांची निंदा करत खात होता. पाव संपला. तोमासा सगळ्यांच्या जबड्यांकडे बघत राहिली.

"मग? बाहुली कुणाला?"

सगळे आभाळाकडे बघायला लागले.

"चार होत्या!"

"तुमच्या बेकरीवाल्यानं फसवलं असेल, दोन्या," फिलेमोन म्हणाला.

"मला तर काही लागलं नाही दाताला," क्रिस्पिना म्हणाली.

"दात कुठाय तुला?" ओफेलिया म्हणाली.

तोमासा तणतणत गाडीत बसली. "चोरांची आळी! देव खाल्ला, ढेकर दिला नाही!" त्या रागाच्या भरात ती यादिराला म्हणाली, घे तुझं ते कब्रस्तान. यादिरानं ती संधी दोन्ही हातांनी पकडली. एवारिस्तोच्या कचेरीत सह्या करायचा दिवस ठरला, तो नेमका दोन फेब्रुवारी.

मधल्या दिवसांत तोमासा एकदा पडद्यांची मापं घ्यायला त्या शांत घरी गेली. यादिरा तिला सकाळी सोडून कामावर गेली आणि संध्याकाळी न्यायला आली. एवढ्या वेळात तोमासाच्या तोंडून एक शब्द बाहेर पडला नव्हता. रस्त्यानं एक माणूस कुत्रं घेऊन गेला. त्यानं हात हलवला, हिनं हात हलवला. मूकनाट्य. परतताना गाडीत ती गप्प होती, घरी आल्यावरही गप्प होती. जेवताना नाबोरनं मुद्दाम म्हटलं, "रश्शात मीठ जास्त झालंय." त्यावरही ती काही बोलली नाही. तेव्हा मात्र नाबोर घाबरला. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. बायको बडबडत नसली तर झोपायचं कसं, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

दोन फेब्रुवारीला सह्यांना निघाले. यादिरा गाडी चालवत होती. पूर्वेकडच्या वळणावर तोमासा एकदम म्हणाली, "वळव."

"आई, उशीर होईल."

"माझे तमालेस घ्यायचेत. दहा मिनिटं. माझा हक्क आहे तो."

गाडी गुलाबी घरापुढं थांबली आणि मागून मालगाडी येऊन फाटकावर ठाण मांडून बसली. यादिरानं कपाळावर हात मारला. तोमासा भर रस्त्यात उतरली, पदर नव्हता म्हणून शाल खोचली, आणि पोटातून आवाज लावला:

"बाहेर या, लबाडांनो! आज कांदेलारिया! कुठायत माझे तमालेस?"

दारं धडाधड उघडली.

"कोण ओरडतंय?"

"ती बाहुलीवाली!"

"आम्ही काय तुझं देणं लागतो, बाई?"

"देवाचं लागता! फिलेमोन, तुझ्या ट्रकच्या आरशाला काय लोंबतंय?"

सगळ्यांनी पाहिलं. आरशाला जपमाळ, आणि जपमाळेला बाहुली. फिलेमोनचे कान लाल झाले. "ती... ब्रेकची काळजी घ्यायला लावलीय."

"ब्रेक तू दुरुस्त करतोस तेव्हा देवच हवा! आणि तू, ओफेलिया?"

"मी होंडुरासची! मला काय ठाऊक तुमची बाहुली?"

"जन्म गेला तुझा या गल्लीत!" क्रिस्पिनानं वरून फोडणी दिली.

"बरं, गिळली!" ओफेलिया ओरडली. "चुकून गिळली! मग काय करू?"

"आणि मग?"

"मग काय! वाट पाहिली. मिळाली. धुऊन ठेवलीय. पण ती दाखवत फिरायची असते होय?"

फाटकावर अडकलेल्या गाड्यांतून लोक उतरून आले होते. एका ट्रकवाल्याचं म्हणणं, धुतलेली बाहुली हिशेबात धरायला हरकत नाही. एका बाईचं म्हणणं, गिळली तर दुप्पट तमालेस. दोन पक्ष पडले. तोमासाचा आवाज असा लागला होता की इमारत सुटल्यापासून तसा लागला नव्हता. गाल तापले होते, डोळे चमकत होते. यादिरा गाडीतून आईकडे बघत राहिली. फोन वाजत होता, तिनं उचलला नाही.

क्रिस्पिना आत गेली आणि तळहातावर काहीतरी घेऊन आली. तिची बाहुली. कांदेलारियाला बाळ येशूला नवे कपडे घालतात, म्हणून म्हातारीनं या बोटभर देवालाही झबलं शिवलं होतं.

तोमासानं ते उचललं, उलटं केलं, शिवण पाहिली.

"हे झबलं आहे की बटाट्याचं पोतं? देवाची बाही कुणी अशी लावतं?"

"मला दिसत नाही नीट!" म्हातारी भडकली. "मग तू शिव! कुठं राहतेस? आणून देते तुझ्याकडे. सांग, कुठं राहतेस?"

तोमासानं तोंड उघडलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचं वाक्य अडलं. मागून कुणी वाक्य सुचवणारं नव्हतं.  फाटकावर मालगाडी उभ्या उभ्या सुस्कारे टाकत होती.

तेवढ्यात नाबोर खाकरला. तो गाडीतून उतरला, शर्टाच्या खिशात दोन बोटं घातली आणि चौथी बाहुली काढली.

"म्हाताऱ्या!" तोमासा किंचाळली. "तू?"

"मटण महाग झालंय," नाबोर जमिनीकडे बघत म्हणाला. "पायरीवर बसलो होतो, दाताखाली आली. फिलेमोननं पाहिलं. त्यानं डोळा मारला, मी मारला."

"घरातच चोर! आणि मी गल्लीला शिव्या घालते!"

"आता मला तमालेस घालावे लागणार," नाबोर म्हणाला. "या गल्लीला. हंडे ठेवायला चूल तर हवी. ते छप्पर मी त्या दिवशी बघून ठेवलंय. गळतं, पण माझ्या हातचं होईल." मग रुळांकडे बघून तो पुटपुटला, "ही गाडी मात्र हरामखोर आहे."

"आजोबा, सवय होते," ओफेलिया म्हणाली. "तेवढाच बोलायला वेळ मिळतो."

यादिराच्या हातात फोन पुन्हा वाजला. तिनं तो आईपुढं धरला. एवारिस्तोचा आवाज आला, "दोन्या, कुठं आहात? तुमचं स्वप्न इथं वाट बघतंय!"

"ते झोपू दे," तोमासा म्हणाली. "तू ऊठ आणि त्या गुलाबी घराचे कागद काढ." फोन मुलीच्या हातात कोंबून ती कललेल्या ओट्यावर चढली, क्रिस्पिनाचं झबलं मांडीवर घेतलं आणि दातांनी बाहीचा टाका तोडला.

"बरं, आता सांगा, या भागात मक्याची पानं चांगली कुठं मिळतात?"

तिघांनी तीन दुकानं सांगितली, आणि मालगाडी निघून गेली तरी कुणी हललं नाही.