गच्ची, विमान आणि सात सीटची गाडी

आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मी माझ्या साडूबरोबर गोव्याला गेलो.

बायकोही आली होती, नाही असं नाही. पण ती वरून आली आणि आम्ही खालून.

आमचं घर मुकुंदवाडीत, विमानतळाच्या इतकं जवळ की विमान उडालं की गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया थरथरतात. बायकोनं, म्हणजे सुनंदानं, आजवर विमानांची फक्त पोटंच पाहिलेली. तिची इच्छा एकच होती : एकदा त्यात बसून वरून आपली गच्ची बघायची. ताजमहाल नको, पॅरिस नको, आपलीच गच्ची! (त्या गच्चीवर मी माझ्या दुकानातली सगळ्यात भारी फरशी बसवली आहे. तिच्याबद्दल बाईसाहेबांनी आजवर चांगला शब्द काढलेला नाही. ते असो.)

"विमानानं जाऊ," ती म्हणाली, "आणि दोघंच जाऊ."

या 'दोघंच'ला कारण होतं. लग्नानंतर आम्ही फिरायला पैठणला गेलो होतो. एसटीनं. सोबत माझी आई आणि दोन काकू. धरण सगळ्यांनी मिळून बघितलं.

म्हणून मी तिकिटं काढायला गेलो. मी करमाडहून सायकलवर या शहरात आलेला माणूस. दुसऱ्याच्या दुकानात फरश्या उचलत उचलत स्वतःचं दुकान टाकलं. घासाघीस केल्याशिवाय मी आयुष्यात काही घेतलेलं नाही. मांडववाल्याशी तर मी बोहल्यावर उभा राहून भाव केला होता. तिकीटवाल्या पोरसवदा माणसानं कॉम्प्युटरमध्ये बघून भाव सांगितला. मी खुर्चीत रेललो, चहा मागवला आणि फायनल बोला म्हणालो. तो म्हणाला, फायनलच आहे. मग मी उठून दारापर्यंत गेलो. (हा माझा हुकमी डाव! दारापर्यंत गेलेल्या गिऱ्हाइकाला हाक न मारणारा दुकानदार मी पाहिलेला नाही. मी स्वतः मारतो.) यानं मारली नाही. शेवटी मीच परत येऊन बसलो, तर भाव वाढलेला!

"असा कसा वाढला?"

"सीटा कमी झाल्या, काका."

"मी चहा पिईपर्यंत?"

"आता अजून वाढायलाय. लवकर बोला."

माझ्या दुकानात गिऱ्हाईक जितका वेळ बसतं तितका भाव उतरतो. इथं बसलं की चढतो! माझं डोकं फिरलं. मी भर दुकानात जाहीर केलं की माझ्याकडे सात सीटची गाडी आहे, तुमच्या विमानावाचून माझं काही अडलेलं नाही. एकदा असं ओरडल्यावर माघार घेता येत नाही.

घरी येऊन मी सुनंदाला गाडीचे गुण सांगितले. हवं तिथं थांबा, हवं ते खा. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पण दोघंच ना?"

"दोघंच," मी म्हणालो. तेव्हा ते खरं होतं.

आता दिगंबरराव. हे माझे साडू, सुनंदाच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हा माणूस एकदा विमानात बसला आणि तेव्हापासून प्रत्येक बारशात, प्रत्येक पंगतीत विमानातच बसलेला असतो. ढग वरून कसे दिसतात हे मला त्यांच्याकडून इतक्या वेळा कळलंय की पावसाळा आला की मला त्यांचाच राग येतो. आम्ही गाडीनं जाणार हे ऐकून ते जिलबी खात म्हणाले, "एवढ्या लांब गाडीनं? कंबर मोडंल, भाऊसाहेब."

"एकदा माझ्या गाडीत बसून बघा, मग बोला," मी म्हणालो. "चला तुम्ही दोघंबी."

असं म्हटल्यावर कुठलाही भला माणूस नको नको म्हणतो. दिगंबररावांनी बोटं पुसत विचारलं, "निघायचं कधी?"

आमच्याकडे गाडीत जागा रिकामी जाणं म्हणजे पाप. बातमी पैठणला पोचली आणि माझी आत्या एसटीनं गाठोडं घेऊन हजर झाली. "कोल्हापूरपर्यंत येते, बाळू. देवीचं दर्शन व्हईल." आत्याला गाडी लागते, म्हणून तिला पुढची सीट. दिगंबररावांना कंबर, म्हणून त्यांना मधली, पाय लांब करून, शेजारी मेहुणी. उरली ती सगळ्यात मागची. फरशी बसवावी तशी मी माणसं बसवली, फट म्हणून राहिली नाही!

"मग मी मागं?" सुनंदानं विचारलं. "लोणच्याच्या बरण्यांसंगं?"

"कोल्हापूरपर्यंतच गं."

"बरं," ती म्हणाली.

हे 'बरं' मला ओळखता यायला हवं होतं. दोन दिवसांनी भाकरी वाढता वाढता तिनं सांगितलं, की गाडीत लई गर्दी व्हायलीय, तवा ती आणि ताई विमानानं येणार आहेत. तिकिटं काढून झाली.

"कितीला?" मी विचारलं.

"सांगितले तेवढे दिले."

विमानानं जाण्यापेक्षा हे मला जास्त लागलं.

निघायच्या दिवशी आम्ही पहाटेच हलणार होतो. पण दिगंबरराव उन्हं आल्यावर उगवले. मग टपावर सामान बांधताना दोरीची गाठ कशी मारायची यावरून त्यांचं न् माझं जुंपलं. आत्या पुढच्या सीटवर लिंबू हुंगत बसली होती. सुनंदा आणि मेहुणी आमच्या शेजारून रिक्षात बसून कधी गेल्या, तेही मला कळलं नाही. गाठ सुटेना, दोरी पुरेना, आणि डोक्यावरून एक विमान गेलं. त्याकडे बघायला मला फुरसत नव्हती.

आत्याला कोल्हापुरात तिच्या भाचीकडे उतरवून आम्ही दुसऱ्या दिवशी गोव्यात पोचलो. पंचविसाव्या वाढदिवसाची म्हणून मी घासाघीस करून फुलांनी सजवलेली खोली ठरवली होती. तिच्यात दोघी बहिणी आतून कडी लावून झोपल्या होत्या. हॉटेलवाल्यानं राहिलेला हार मला आणि दिगंबररावांना मिळून घातला.

संध्याकाळी समुद्रावर मी सुनंदाला विचारलं, "दिसली का गच्ची?"

"नाय दिसली. नजर आपल्या दारातच अडकली. तुम्ही दिसलात. भांडत होतात."

"एवढ्या वरून माणूस मुंगीएवढा दिसत असंल. भांडतोय हे कसं कळलं?"

"बाकीच्या मुंग्या उभ्या होत्या. एकीचे हात चालू होते."

ती पाण्याकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांची तिची एक इच्छा, आणि तिच्याही मधे मीच उभा!

परतीला मी गाडीची किल्ली दिगंबररावांच्या हातात ठेवली. (त्यांची कंबर अजून दुखते. प्रत्येक पंगतीत सांगतात.) सुनंदाची न् माझी, दोघांचीच तिकिटं काढली, सांगितलेल्या भावाला. खिडकी कुणाची यावर तेवढी घासाघीस केली. हरलो.

विमान उतरायला लागलं तशी सुनंदा काचेला नाक लावून बसली. मला फक्त तिचा अंबाडा दिसत होता.

"आली का गच्ची?"

"आली," ती म्हणाली. "किती छान दिसायलीय हो फरशी. तुम्ही घरी नाहीत ना, म्हणून."