ट्रेलरचं चित्र असलेलं बटण

आमची पिकअप नागपुरातून सेकंडहँड आणलेली. तिच्या गिअरच्या दांड्याजवळ एक छोटं बटण होतं आणि त्यावर चित्र होतं: पुढे गाडी, मागे चाकांवरची पेटी, दोघांना जोडणारी एक रेघ. विकणाऱ्याला मी विचारलं, हे कशाचं? तो म्हणाला, "मॅडम, आपण कधी दाबलंच नाही. गाडी चालते ना, बस." गाडीसोबतचं पुस्तक त्याच्याकडे नव्हतं. मलाही तेव्हा घाई होती, म्हणून मी पुढे विचारलं नाही.

मी दातांची डॉक्टर. माझा दवाखाना चंद्रपुरात आहे, पण महिन्यातून दोनदा मी अहेरीच्या पुढच्या गावांत शिबिरं घ्यायचे. शाळेच्या नाहीतर बुद्धविहाराच्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर माणसाला बसवायचं, टॉर्च मारून तोंड बघायचं. निम्म्या तोंडांची तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने वाट लावलेली असायची. मग चिठ्ठी लिहायची आणि चंद्रपूरला या म्हणून सांगायचं. येत कोणीच नव्हतं. एक दिवस बस बदलून, रोजी बुडवून दाढ काढायला कोण येईल? शेवटी मी ठरवलं की खुर्चीच तिकडे न्यायची. बल्लारपूर रस्त्यावरच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून ट्रेलर बनवून घेतला. त्यात दातांची खुर्ची, कॉम्प्रेसर, जनरेटर आणि पाण्याची टाकी बसवली. कागदपत्रांचे सोपस्कार झाले, आणि मग तो ट्रेलर ओढायला ही पिकअप आली.

सोबतीला बाबा यायला तयार झाले. बाबांनी तीस वर्षं उघड्या कोळसा खाणीत डंपर चालवला. त्या डंपरचं एक चाक माझ्यापेक्षा उंच असायचं, हे मी लहानपणी एका फोटोत पाहिलं होतं. त्यापलीकडे मला त्यांच्या कामाबद्दल काहीच माहीत नव्हतं. ड्यूटीवरून आले की आंघोळ, जेवण, मग अंगणात पेपर. खाणीचा विषय घरात निघत नसे. निवृत्त झाल्यावर तर तो उरलाच नाही. पिकअप ऑटोमॅटिक आहे हे कळल्यावर त्यांनी आत वाकून पाहिलं आणि विचारलं, "क्लच कुठी हाय हिचा?" नाही म्हटल्यावर ते मुकाट्याने डाव्या बाजूला जाऊन बसले.

पहिल्या फेरीत आष्टीपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे आलापल्लीही मागे पडली, भामरागडकडचा रस्ता लागला आणि जंगलात चढउतार सुरू झाले. चढावर गाडीचं काही ठरेचना. वरचा गिअर टाकायची, तिथे दम लागला की खालचा, लगेच पुन्हा वरचा. प्रत्येक वेळी मागून ट्रेलरचा हिसका बसायचा. मग एक लांब उतार आला. त्यावर कोणीतरी पाठीला हात लावून आपल्याला ढकलतंय असं वाटू लागलं. मी ब्रेक दाबत राहिले. खाली पोचले तेव्हा काहीतरी जळाल्याचा वास येत होता.

बाबा म्हणाले, "थांबव. पाच मिनिटं राहू दे गाडीले."

आम्ही सागाच्या सावलीत उभे राहिलो. बाबा चाकाजवळ उकिडवे बसून वास घेत होते. मी विचारलं, "बाबा, बिघडली का?"

"बिघडली नाई. तू तिले पायानं धरून राह्यली ना, त्याचा वास होय हा."

त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

गावात शिबिर चांगलं झालं. खुर्ची मागे रेलते हे बघायलाच अर्धं गाव जमलं होतं. नंबराची वाट बघत बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी बाबांनी गप्पा सुरू केल्या. मी आतून ऐकत होते. बाबांनी त्याला विचारलं, "भाऊ, भरल्या बंडीनं उतार उतरता तं बैल कसे सांभाळता?"

तो म्हणाला, "उतारावर बंडी बैलाच्या मानेवर येते. नवा बैल भेते अना पळते. पळाला का उलटली बंडी. जुना बैल मांगं रेलते, पाय रोवत रोवत उतरते. आपण फक्त कासरा धरून राह्यचं."

"नवा कसा शिकते मंग?"

"जुन्यासंगं जुपतो त्याले. त्याचं पाहून शिकते."

बाबांनी त्याला आणखी कितीतरी विचारलं. वजन पुढे ठेवता की मागे, ओला उतार असला तर काय करता. एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. माझ्या हातातला आरसा रोग्याच्या तोंडातच राहिला आणि त्याने "आँ" करून आठवण करून दिली.

दुपारी परत निघालो. तोच उतार आता चढ झाला होता. गिअरची वरखाली पुन्हा सुरू झाली. माझं लक्ष त्या चित्राकडे गेलं. पुढे गाडी, मागे पेटी. आपण तेच तर करतोय, असं वाटून मी बटण दाबलं. समोर एक हिरवा दिवा लागला आणि इंजिनचा आवाज एकदम चढला. घाबरून मी ते पुन्हा दाबून बंद केलं.

"काऊन बंद केलं?" बाबांनी विचारलं.

"आवाज पाहा ना कसा येऊन राह्यला होता."

"तो आवाज चांगला होता. लाव पुन्हा."

मी लावलं. गाडीने खालचा गिअर धरला आणि धरूनच ठेवला. आवाज मोठा होता, पण एकसारखा. हिसके थांबले. चढाच्या माथ्यावर पोचलो, पलीकडे उतार लागला. बाबा म्हणाले, "आता ब्रेकले फक्त हात लावल्यासारखा पाय लाव, अना सोड." मी तसं केलं. गाडीने आपणहून आणखी एक गिअर खाली घेतला, इंजिन घुमलं आणि मागचा रेटा जणू कोणी काढून घेतला. माझा पाय मोकळा होता आणि गाडी तरी हळू उतरत होती.

बाबा सीटवर पुढे सरकून बसले होते. म्हणाले, "हे तं आमच्या रिटार्डरसारखंच काम करून राह्यलं."

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. डंपरला पायाच्या ब्रेकशिवाय वेगळा रिटार्डर असतो, वजन घेऊन उतरताना वेग धरून ठेवायला. ते नवीन असताना एकदा माती भरलेला डंपर घेऊन उतारावरून खाली येत होते. शिकवणाऱ्याने रिटार्डर लावायला सांगितलं होतं. "पण मले वाटलं, आपला पाय हाय ना मजबूत. पायानंच आणतो." अर्ध्या उतारावर ब्रेक तापले, धूर निघाला, आणि मग पॅडल दाबूनही काही होईना. त्यांनी डंपर कडेच्या मातीच्या बांधात घातला. चाक मातीत रुतलं आणि डंपर थांबला.

"लागलं का तुम्हाले?"

"नाई. पण उतरल्यावर पाय असे लटलट करून राह्यले होते का उभंच राहता येईना. खालीच बसलो मातीत."

"आईला सांगितलं होतं?"

"नाई." ते म्हणाले, "तू तेव्हा चार महिन्यांची होती."

त्यांच्या पायाची ती लटलट आमच्या घरात एवढी वर्षं होती आणि कोणालाच माहीत नव्हती. मी विचारलं, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा डंपरवर बसलात? "बसलो," ते म्हणाले. "पण पहिले त्या शिकवणाऱ्याले विचारलं, रिटार्डरच्या आत नेमकं होते काय ते सांग. तोपर्यंत मले फक्त लावायचा असते एवढंच माहीत होतं."

पुढच्या फेरीला बाबांनी ठरवलं होतं की नीट पाहायचं. तोच लांब उतार दोनदा उतरायचा, एकदा बटण बंद ठेवून, एकदा लावून, वेग सारखाच. मधे अर्धा तास गाडी थंड होऊ द्यायची. माझ्याकडे कपाळाचा ताप बघायचं पिस्तूल होतं. बटणाशिवाय उतरल्यावर बाबांनी ते पुढच्या चाकाच्या आतल्या ब्रेकवर रोखलं. पडद्यावर दोन इंग्रजी अक्षरं आली.

"हाय म्हणून राह्यलं हे."

"बाबा, ते माणसाच्या तापापुरतंच आहे. त्याच्यावर गेलं की 'हाय' म्हणजे जास्त, एवढंच दाखवतं."

बाबांनी पिस्तूल मला परत दिलं आणि बाटलीतून बोटावर पाणी घेऊन चाकाच्या मधल्या भागावर दोन थेंब टाकले. थेंब चर्र करून उडून गेले. अर्ध्या तासाने पुन्हा माथ्यावर जाऊन बटण लावून उतरलो. पुन्हा दोन थेंब. या वेळी ते ओघळले आणि हळूहळू वाळले. बाबा वाळेपर्यंत बघत बसले होते. एक दुचाकीवाला थांबला आणि मदत पाहिजे का म्हणून विचारू लागला. "नाई भाऊ, पाणी वाळून राह्यलं ते पाहतो," बाबा म्हणाले. तो थोडा वेळ आमच्याकडे बघत थांबला आणि निघून गेला.

त्यानंतर आम्ही त्या बटणाच्या खोड्या एकेक करून शिकलो. गाडी बंद केली की ते आपोआप बंद होतं. आष्टीला चहाला थांबून पुढे निघाले की मी ते लावायला हटकून विसरायचे. ट्रेलर मागे नसताना चुकून लागलं तर गाडी विनाकारण ओरडते आणि डिझेल जास्त पिते. आणि एक गोष्ट आम्ही अंगावर घेऊन शिकलो. पावसाळ्याच्या शेवटी एका गावाकडे उतरणारा मातीचा रस्ता होता, वर चिखलाचा पातळ थर. मी बटण लावूनच उतरू लागले. गाडीने खालचा गिअर घेतला आणि मागची चाकं एकदम घसरली. ट्रेलर डावीकडे सरकला, बांबूच्या कुंपणाला टेकला आणि थांबला. आतली पाण्याची टाकी निम्मी भरलेली होती. ते पाणी हिंदकळत असल्याचा आवाज आम्हाला पुढे बसून ऐकू येत होता.

कोणाला लागलं नव्हतं. कुंपणवाल्या बाईंची मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "कुंपण का बाई, नवीन बांधता येते. तुमची गाडी काढा पहिले." बाबा चिखलात वाकून चाकाच्या खुणा बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "इंजिन फक्त मागच्या चाकालेच धरते. कोरड्या रस्त्यावर चाक रस्त्याले धरते. इथी चाकानं धरावं कोणाले?" त्या दिवसापासून ओल्या मातीवर बटण बंद ठेवायचं आणि मुंगीच्या चालीनं उतरायचं असं ठरलं. टाकीही एकतर पूर्ण भरायची, नाहीतर रिकामी न्यायची.

चंद्रपुरात परतल्यावर बाबांना आणखी एक प्रश्न पडला. आपण उताराला लागलो हे गाडीला कळतं कसं? त्यांनी ओळखीच्या मेकॅनिकला विचारलं. तो म्हणाला, "काकाजी, कॉम्प्युटर असते तिच्यात." बाबांना हे उत्तर म्हणून चाललं नाही. "कॉम्प्युटरले तरी डोळे कुठी हायेत?" ते मला जेवताना म्हणाले. आम्ही मोबाइलवर शोधलं, मी वाचून त्यांना सांगितलं: अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नाही, ब्रेकला नुसता पाय लागला, तरी वेग वाढतोय, एवढ्यावरून ती ओळखते. बाबांनी घास तसाच हातात धरून विचार केला. मग म्हणाले, "म्हणजे ती रस्ता पाहत नाई. आपल्या पायाकडं पाहते." दुसऱ्या दिवशी त्यांनी ते मेकॅनिकला जाऊन सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात ते स्वतः चालवायला बसले. क्लच नसल्याने डाव्या पायाचं काय करायचं हा प्रश्न त्यांना गोंडपिपरीपर्यंत छळत होता. शेवटी त्यांनी तो सीटखाली दुमडून घेतला. मी डावीकडे बसले. एवढ्या वर्षांत मी त्यांना मोठं काही चालवताना कधी पाहिलंच नव्हतं. उतार लागायच्या बऱ्याच आधी त्यांचा वेग कमी झालेला असायचा. माथ्यावर ते बटणाच्या दिव्याकडे एकदा बघत, ब्रेकला पाय टेकवून उचलत आणि मग कान देऊन बसत. लोहखनिजाचे ट्रक मागून हॉर्न देत होते. बाबा डाव्या कडेला गाडी घेऊन त्यांना जाऊ देत होते. मी त्या दिवशी वाटेत झोपले. ट्रेलर जोडल्यापासून पहिल्यांदाच.

अहेरीच्या शिबिराच्या मैदानात मात्र त्यांची पंचाईत झाली. ट्रेलर उलटा घेऊन भिंतीला लावायचा होता. मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो, हे त्यांना माहीत होतं, पण हातांना पटत नव्हतं. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा ट्रेलर गाडीशी काटकोनात आला. रांगेतली माणसं दाढदुखी विसरून सल्ले देऊ लागली. बाबा खाली उतरले, ट्रेलरभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "सोडा हूक." सात-आठ जणांनी मिळून तो हातानेच ढकलत भिंतीला लावला. मी खुर्चीवरचं कापड बदललं आणि पहिल्या बाईंना आत बोलावलं. बाहेर बाबा एका काडीने मातीत चार चाकं आणि दोन चाकं काढून, कुठलं कुठे वळतं ते बघत बसले होते.