‘डॉक टू’ कधी निघालाच नाही

गेम बनवणाऱ्या कंपनीत किस्से कसे साठतात सांगू? ड्रॉवरमध्ये जुने चार्जर साठतात तसे. कुठला कुठल्या फोनचा ते आठवत नाही, पण टाकवतही नाहीत. आमच्या बालीगंजच्या ऑफिसात तर न निघालेल्या गेमचेच किस्से जास्त. निघालेल्याबद्दल कुणी बोलत नाही.

मी मूळचा सांगलीचा, इथं या बंगाली मंडळींत सगळ्यांचा कुलकर्णीदा. टेस्टिंग माझ्याकडे. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेला गेम दिवसभर खेळायचा आणि चुका काढायच्या. बायकोच्या मते हे काम मी घरीही करतो.

*

आमचा पहिला गेम ‘डॉक’. बंदरात क्रेन चालवायची, जहाजात माल भरायचा. सुचला आमच्या डिझायनर प्रसेनजितदाला, कारण त्याच्या बाबांनी सगळी नोकरी खिदिरपूरच्या गोदीत क्रेनवर काढलेली. गेम बरा चालला. प्रसेनजितदा बजबजला घरी गेला आणि बाबांच्या हातात फोन दिला. त्यांनी दोन मिनिटं खेळून परत केला.

‘छान आहे,’ म्हणाले, ‘पण ही क्रेन नाही. हा जत्रेतला पाळणा आहे.’

आम्ही ऐकून हसलो. तो हसला नाही. ‘डॉक टू’ सुरू झाला तो या एका वाक्यावर. बाबांना ती क्रेन वाटली पाहिजे, एवढंच त्याला हवं होतं.

*

म्हणून ‘डॉक टू’ची क्रेन भलतीच सावकाश! आमचे मालक सेनसाहेब एकदा खेळायला बसले. पेटी वर जाईपर्यंत त्यांनी दोन फोन घेतले.

‘अरे, एक पेटी उचलायला इतका वेळ? मग माणूस खेळणार कधी?’

‘तो खेळतोच आहे, सर,’ प्रसेनजितदा म्हणाला.

*

गेमच्या कच्च्या प्रतीला आम्ही बिल्ड म्हणतो. ‘डॉक’च्या वेळी त्यांना नंबर देताना रोज घोळ व्हायचा. म्हणून नियम केला, त्या दिवशी दुपारी जे खाल्लं ते बिल्डचं नाव. एका डब्यातलं सगळ्यांनी खायचं आणि तेच नाव द्यायचं. त्यामुळे ऑफिसात गंभीर चेहऱ्यानं चर्चा व्हायची, ‘माछभातात हूक अडकतोय, पण लुचीत नीट होता.’ माझ्या डब्याच्या दिवशी स्पेलिंगवरून तास जायचा.

*

एका सोमवारी सेनसाहेब संदेश मिठाईचा मोठा डबा घेऊन आले. गेम मंजूर झाला असं समजून आम्ही दोन-दोन उचलले, एकमेकांशी हात मिळवले. मग साहेब म्हणाले, ‘पैसे घालणाऱ्या बेंगळुरूवाल्यांनी ‘डॉक टू’ बंद केला. तोंड कडू होऊ नये म्हणून आणलंय.’

प्रसेनजितदाच्या हातात अर्धा संदेश होता. त्यानं तो नीट कागदात गुंडाळून खिशात ठेवला. मला फार वाईट वाटलं.

*

कॉम्प्युटरमधलं सगळं पुसून ते बेंगळुरूला परत पाठवले गेले. बॅकअप घेतलाय ना, असं प्रत्येकानं दुसऱ्याला विचारलं होतं आणि प्रत्येक जण हो म्हणाला होता. शेवटी कपाटात ‘बॅकअप’ लिहिलेली एक डिस्क सापडली. उघडली तर साहेबांच्या भाचीचं लग्न. जागा हवी होती म्हणून कुणीतरी सगळी बिल्डं उडवून फोटो भरले होते. प्रसेनजितदानं सगळे फोटो पाहिले. न जाणो, मध्येच कुठे क्रेन निघायची!

*

वर्षभरानं माझी मुलगी जुना फोन घेऊन आली. जन्म इथला, त्यामुळे तिचं मराठी अडखळत. ‘बाबा, ये थालीपीठ गेम काय आहे? यात काहीच होत नाही.’

‘डॉक टू’चं सगळ्यात पहिलं बिल्ड, माझ्या डब्याच्या दिवसाचं! टेस्टिंगसाठी घातलेलं, काढायचं राहिलेलं. मी लगेच प्रसेनजितदाला फोन केला. रविवारी आम्ही दोघं बजबज लोकलनं त्याच्या घरी गेलो.

त्या बिल्डमध्ये रंग नाही, आवाज नाही. जहाज म्हणजे लांब राखाडी ठोकळा, माल म्हणजे चौकोनी ठोकळा. त्या मालाशेजारी, हुकाच्या खालीच, एक राखाडी माणूस. क्रेन केवढी उंच दिसते याचा अंदाज यावा म्हणून उभा केलेला, न हलणारा.

काकांनी, म्हणजे त्याच्या बाबांनी, चष्मा लावला. खुर्चीत ताठ बसले. हूक डावीकडे नेला, उजवीकडे नेला, सावकाश खाली सोडला. पेटी अडकवली. आणि अंगठा उचलून घेतला.

‘काय झालं, बाबा?’

‘खाली माणूस आहे.’

‘तो नुसता मापाला ठेवलाय. हलत नाही तो. तुम्ही उचला.’

काकांनी चष्म्यावरून मुलाकडे पाहिलं. ‘त्याला बाजूला व्हायला सांग. मग उचलतो.’

काकूंनी चहा आणला. काकांनी तो डाव्या हातानं घेतला. उजवा अंगठा तसाच, काचेपासून बोटभर वर. नजर त्या माणसावर.

‘‘डॉक टू’ परत सुरू करू या का?’ मी हळूच विचारलं.

प्रसेनजितदानं मान हलवली. नको म्हणाला. खुर्ची ओढून बाबांच्या शेजारी बसला आणि तोही त्या माणसाकडे बघत राहिला.